साहेब आपल्याच गावचा असतो तेव्हा: कामावरच्या जाचातून वाट काढताना

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा मी जवळच्याच एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेबाचं काम करत होते. आमच्या स्टोअरमधला एक मुलगा बायको आणि तान्ह्या बाळाला घेऊन शेजाऱ्यांच्या गच्चीवर बसून होता. पाणी ओसरलं तेव्हा घरात गुडघाभर चिखल. चौथ्या दिवशी तो कामावर आला तो स्लिपर घालून, कारण बूट वाहून गेले होते. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पूर काय तुझ्या एकट्याच्याच घरात आला होता?" महिनाअखेरीस त्याचा तीन दिवसांचा पगार कापला. त्याच्या खात्यावर अकरा दिवसांची पगारी रजा शिल्लक होती, पण ती लावायला साहेबांनी नकार दिला. ती वजावट पगारपत्रकात मी माझ्या हाताने भरली आणि गप्प बसले. सगळेच गप्प बसले. साहेब आमच्याच तालुक्यातले, निम्म्या ऑफिसाला त्यांनीच कामाला लावलेलं. बोलायचं तर कोणत्या तोंडाने?

दोन वर्षांनी मी ती नोकरी सोडली. त्यानंतर आमच्या पडवीत बरीच माणसं येऊन बसली आहेत: हॉटेलातली, काजूच्या कारखान्यातली, खासगी शाळेतली, दवाखान्यातली, एमआयडीसीतली. त्यांच्यासोबत अर्ज लिहिताना, कामगार कार्यालयात जाताना जे शिकले ते इथे क्रमाने सांगते आहे. मी वकील नाही, पण कोणता कागद कुठे लागतो हे एव्हाना कळतं. क्रम मात्र मोडू नका. बहुतेक जण शेवटची पायरी आधी चढतात, म्हणजे भांडून निघून येतात आणि मग महिनाभराने पगार, पीएफ आणि अनुभवाचं पत्र मागत फिरतात.

पहिली पायरी: साहेब कडक आहे की जाच चालला आहे?

एप्रिल-मे महिन्यात आंब्याच्या कॅनिंगमध्ये काम केलेल्याला विचारा. ट्रक उभे असतात, आंबा थांबत नाही, सगळेच एकमेकांवर ओरडत असतात आणि मालकही बाह्या सरसावून उभा असतो. जूनमध्ये ते संपतं. जादा तासांचे पैसे मिळाले असतील तर मी त्याला जाच म्हणणार नाही. तो हंगाम असतो. दिवाळीतल्या आठ दिवसांत मालवण-तारकर्लीच्या हॉटेलात होते ती धावपळही त्यातलीच.

जाचाला हंगाम नसतो. तो ओळखायच्या खुणा मला पुन्हापुन्हा त्याच दिसल्या. चूक कामातली असते, पण बोलणं निघतं जातीवरून, गावावरून, रंगावरून, "बायकांना अक्कल असती तर" अशा सुरात. एकाला उशीर झाला तर चालतं, दुसऱ्याला दहा मिनिटांनी अर्धा दिवस लागतो. काम तोंडी सांगितलं जातं आणि बिघडलं की "मी असं कधी म्हटलं?" येतं. रजा मागितली की आजारी आईचा उद्धार होतो. आणि प्रत्येक विभागात एक कान भरणारा पाळलेला असतो, त्यामुळे डबा खातानाही माणसं हळू आवाजात बोलतात.

खात्री करायचा एक उपाय आपल्याकडे सहज जमतो. गेल्या दोन-तीन वर्षांत ती जागा सोडून गेलेल्या दोघांना भेटा. शहरात ती माणसं सापडत नाहीत. इथे ती बाजारात, एसटी स्टँडवर नाहीतर गणपतीत आरतीला भेटतात. त्यांना "तुम्ही का सोडलंत?" एवढंच विचारा आणि पुढे ऐकत राहा. दोघांनी वेगवेगळी कारणं सांगितली तर थोडं थांबा. दोघांनी एकाच माणसाचं नाव घेतलं तर दोष तुमच्यात नाही, हे पक्कं धरा. कित्येकांना एवढं कळल्यावरच पहिल्यांदा नीट झोप लागली आहे.

स्वतःकडेही बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात कामाच्या ताणातून येणाऱ्या 'बर्नआउट'ची तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवटपणा येणं, आणि पूर्वी जमणारं काम हातून नीट न होणं. तिथे त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलं आहे. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येत असेल तर 'मीच आळशी झालो' असं समजू नका.

दुसरी पायरी: वही घाला

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच, म्हणून इथे जरा थांबते.

साधी, शिवलेली शंभर पानी वही घ्या. सुट्या पानांची नको, कारण पानं नंतर घातली असा आरोप होतो. कंपनीची डायरी नको, कंपनीचा कॉम्प्युटर तर नकोच. वही घरी ठेवा, ऑफिसच्या खणात नाही. रोज लिहायची गरज नाही, पण काही घडलं तर त्याच दिवशी झोपण्याआधी लिहा. तारीख, वेळ, जागा, बोललेले नेमके शब्द, तिथे कोण कोण होतं, आणि त्यामुळे कामावर किंवा पगारावर काय परिणाम झाला, एवढंच.

बहुतेक जण सुरुवातीला असं लिहितात: "आज साहेब फार वाईट बोलले, खूप अपमान केला." याचा पुढे काही उपयोग होत नाही. कुडाळच्या एका ताईंच्या वहीतली नोंद त्यांच्या परवानगीने, थोडी बदलून देते:

"१४ मार्च, मंगळवार. सकाळी ९.४०. पॅकिंग टेबलाजवळ. सुपरवायझर म्हणाले, 'तुमच्या वाडीतल्या बायकांना मोजता येत नाही, उद्यापासून येऊ नकोस.' शेजारी दोघी होत्या (नावं). काल भरलेले डबे ११२, रजिस्टरला ९६ लिहिले आहेत. मी रजिस्टर दाखवा म्हटलं, त्यांनी दाखवलं नाही. दुपारी पुन्हा कामाला बसवलं."

यात 'वाईट' हा शब्दच नाही, तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं. शिवाय अपमानाच्या शेजारी डब्यांचा आकडा आला आहे. तो आकडा फार कामाचा आहे, कारण आपल्या देशात कामाच्या ठिकाणच्या अशा साध्या छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा नाही. नुसतं ओरडलं, टोमणे मारले म्हणून कामगार अधिकारी फारसं काही करू शकत नाही. पण माणसाला असं वागवणाऱ्या ठिकाणी हजेरीपट, जादा तास, पीएफ, रजेचं रजिस्टर यांतलं काहीतरी हमखास वाकडं असतं, आणि त्यावर कायदा चालतो. त्या ताईंना सुपरवायझरच्या बोलण्याबद्दल कोणी माफी मागितली नाही. कमी लिहिलेल्या डब्यांचे सहा महिन्यांचे पैसे मात्र मिळाले आणि सुपरवायझरचं तोंडही बंद झालं.

वहीत स्वतःची चूकही लिहा. "माझं बिल चुकलं होतं, ते बोलले ते बरोबर होतं" अशा दोन-तीन नोंदी असल्या की वही खरी वाटते, आणि ती असतेही. साहेब एखाद्या दिवशी नीट वागले तर तेही लिहा. सहा आठवड्यांनी सगळं सलग वाचा. तेव्हा तुम्हालाच दिसेल की हे महिनाअखेरीला होतं, की एकाच माणसासमोर होतं, की तुम्ही हक्काचं काही मागितल्यावर होतं.

व्हॉट्सॲपचे मेसेज वेगळे जपा. रात्री अकराला आलेला हुकूम, ग्रुपवर केलेला अपमान यांचा स्क्रीनशॉट काढताना तारीख आणि नंबर दिसू द्या. चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा, कारण समोरचा मेसेज पुसून टाकू शकतो. फोन बदललात तरी जुना विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा कोर्टात देताना सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

तिसरी पायरी: कागद, नोकरीत असतानाच

बाहेर पडल्यावर साधी पगाराची स्लिपसुद्धा मिळत नाही. म्हणून आत असताना जमवा: नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, पगार जमा होतो त्या खात्याचं स्टेटमेंट, ओळखपत्राचा फोटो, रजेच्या अर्जांच्या प्रती. पगार रोखीने मिळत असेल तर दर महिन्याला किती आणि कोणाच्या हातून मिळाला ते वहीत टाका.

नेमणूकपत्रच दिलेलं नसेल, आणि कोकणात हे सर्रास असतं, तर मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. "बँकेत कर्जासाठी लागतंय" म्हणून मागितलं तर कोणाच्या भुवया उंचावत नाहीत.

पीएफचा यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी न बदलणारा तुमचा पीएफ क्रमांक) घ्या आणि सरकारच्या उमंग ॲपवर पासबुक उघडून बघा. स्लिपमध्ये कपात दिसते पण पासबुकात जमा नाही, असं मी स्वतः चार जणांच्या बाबतीत पाहिलं. मालकाने मागच्या महिन्याचे पैसे या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. भरले नसतील तर पीएफ कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते.

कंपनीचे गिऱ्हाइकांचे तपशील, दरपत्रकं, इतरांच्या पगाराची यादी उचलू नका. त्या एका चुकीने तुमची सगळी बाजू उलटते.

चौथी पायरी: ज्याने नोकरी लावली त्याच्याशी बोलणं

मॅनेजमेंटच्या पुस्तकांत ही पायरी नसते, पण इथे माणूस नेमका इथेच अडतो. नोकरी मामाने लावलेली असते, किंवा वाडीतल्या मुंबईकराने फोन केलेला असतो, किंवा शेठ आणि वडील एका वर्गात होते. त्या कुडाळच्या ताई पहिल्या दिवशी मला म्हणाल्या होत्या, "माका त्रास चलात, पण मामाक काय सांगू?" त्यांनी दीड वर्ष सोसलं ते केवळ या एका वाक्यापायी.

साहेबांना या संकोचाची पुरती कल्पना असते. "तुझ्या बाबांकडे बघून ठेवलंय" हे ते उगाच म्हणत नाहीत. म्हणून तक्रारीचा कागद कुठेही जाण्याआधी मध्यस्थाला तुमच्याकडून कळायला हवं. साहेबाने आधी फोन करून "तुमचा भाचा हल्ली कामात नीट नाही" म्हटलं, की तुमचं म्हणणं मग फक्त सबब ठरतं.

भेटायला घरी जा, फोनवर नको. आईवडील सोबत असतील तर त्यांनाही आधी सांगून ठेवा. रडकुंडीला आला असाल त्या दिवशी जाऊ नका. बोलणं साधारण असं ठेवा: "मामा, तुम्ही लावलंत म्हणून मला नोकरी मिळाली, ते मी विसरणार नाही. गेले सहा महिने पगार वीस तारखेनंतर होतोय आणि जादा तासांचे पैसे नाहीत. या माझ्या नोंदी. मी आधी त्यांच्याशीच बोलणार आहे. तुमचं नाव मध्ये येणार नाही, पण तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आलो." वही दाखवा, पण तिथे ठेवून येऊ नका.

मामा रागावू शकतात. "आमच्या वेळी आम्ही काय काय सोसलं" हेही ऐकावं लागेल. ऐकून घ्या. "मी बोलतो त्याच्याशी" असं म्हणाले तर आठ दिवस थांबा, त्याहून जास्त नको. आणि "आपलाच माणूस आहे, सोडून दे" म्हणाले, तर एवढंच सांगा की आपला माणूस असता तर पगार वेळेवर दिला असता. त्यांची परवानगी मागायला तुम्ही गेलेलाच नाही. कळवायला गेला आहात.

दुसरी अडचण उचलीची. मुलीच्या लग्नाला, घराच्या कौलांना शेठकडून उचल घेतलेली असते आणि "आधी ती फेड, मग बोल" म्हणून तोंड दाबलं जातं. किती घेतली, किती कापली गेली, किती उरली याचा हिशेब एका कागदावर लिहा आणि त्यावर शेठची किंवा कारकुनाची सही मागा. सही दिली नाही तर तो हिशेब त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा: "माझ्या नोंदीप्रमाणे ८,००० रुपये शिल्लक आहेत, फरक असल्यास कळवावं." उचल फिटेपर्यंत नोकरी सोडता येत नाही, असा कोणताही नियम नाही. ते कर्ज आहे आणि ते बाहेरूनही फेडता येतं.

पाचवी पायरी: साहेबाशी एकदा, मोजकं

सगळ्या तक्रारी एका दमात मांडू नका. एकच निवडा, ज्यात तारीख आणि आकडा आहे. सकाळची वेळ बरी. केबिनमध्ये दार उघडं असू दे. "तुम्ही नेहमी..." म्हणून सुरुवात केली की भांडण होतं. "गेल्या तीन महिन्यांत..." म्हणून केली की निदान हिशेब तरी निघतो. परत आल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा मेसेज किंवा ईमेल करा: "सकाळी बोलल्याप्रमाणे फेब्रुवारी-मार्चच्या जादा तासांचे पैसे पुढच्या पगारात मिळतील असं आपण सांगितलंत, धन्यवाद." उत्तर आलं नाही तरी तुमच्याकडे कागद तयार झाला.

गणपतीच्या रजेचं उदाहरण घेते, कारण दरवर्षी भाद्रपदात निम्मी भांडणं यावरूनच होतात. आपल्याकडे गणपतीत घरी नसणं कोणाला चालत नाही, हे मालकाला माहीत असतं. त्याच वेळी चाकरमानी येतात, हॉटेलं भरतात आणि त्याला माणसं हवी असतात. दोघांचंही खरं असतं. साधारण वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा साठते. ती रजा किमान पंधरा दिवस आधी, लेखी मागा. अर्जाच्या दोन प्रती करा, एक द्या आणि दुसरीवर तारखेसह 'मिळाला' अशी सही किंवा आवक शिक्का घ्या. जमलं तर अर्जातच लिहा की चतुर्थी आणि गौरीविसर्जन सोडून मधले दोन दिवस मी येऊ शकतो. असा अर्ज नाकारायला साहेबाला कारण शोधावं लागतं. तोंडी मागितलेली रजा तो सहज विसरतो, आणि नंतर ती 'न सांगता गैरहजर' म्हणून तुमच्यावरच उलटते.

शिमग्याच्या पालखीलाही हेच करा.

सहावी पायरी: बाहेरची दारं

पगार, जादा तास आणि कपातीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणचं कामगार विभागाचं कार्यालय. तक्रार साध्या मराठीत, एका पानात लिहा आणि वहीतल्या नोंदींचा तक्ता जोडा. समोर मांडायचे मुद्दे पक्के ठेवा. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत व्हायला हवा. जादा तासांना दुप्पट दर लागतो. दंड महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, आणि तोही तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाही. हॉटेलात बशी फुटली म्हणून पाचशे रुपये कापणं, गिऱ्हाईक बिल न देता गेलं म्हणून वेटरच्या पगारातून वसूल करणं, असं सर्रास चालतं. नुकसानभरपाई कापण्याआधीही कामगाराला खुलासा करायची संधी द्यावी लागते, आणि कापलेली रक्कम खऱ्या नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. कार्यालयात तक्रार दिल्यावर पोच घ्या. मालकाला कागद पाठवायचा तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती वहीला चिकटवा.

तक्रार केली म्हणून काढून टाकलं, बदली केली किंवा खोट्या आरोपाखाली निलंबित केलं, तर राज्याच्या १९७१ च्या कायद्यात त्याला अनुचित कामगार प्रथा म्हटलं आहे आणि तक्रारीला घटनेपासून ९० दिवस दिले आहेत. इथे मात्र कामगार कायद्याच्या वकिलाकडे लगेच जा. मॅनेजर पदावरची माणसं 'कामगार' या व्याख्येत बसत नाहीत, पण पगाराच्या थकबाकीचा हक्क त्यांनाही आहे.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे सर्व महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तिथे मोफत वकील मिळू शकतो. त्यांची हेल्पलाइन १५१००.

बायकांसाठी वेगळं सांगते. अंगचटीला येणं, अश्लील बोलणं, "रूमवर ये मग पगारवाढ बघू" हे जाचाच्याही पुढचं आहे आणि त्याला २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. होमस्टे, छोटं दुकान, दवाखाना अशा दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तिची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करा. घरकाम करणाऱ्या बाईलाही हा रस्ता खुला आहे. मुदत घटनेपासून तीन महिने, योग्य कारण असेल तर आणखी तीन. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. चौकशी चालू असताना तीन महिन्यांपर्यंत रजा किंवा बदली मागता येते. आणि आपल्या गावांत ज्याची सगळ्यात भीती, ते "चारचौघांत नाव जाईल": तक्रारदार बाईचं नाव आणि तक्रारीतला मजकूर उघड करायला याच कायद्याने मनाई आहे. शक्य असेल तर हे आईला सांगून ठेवा. पहिलं "गप्प बस" बहुधा घरातूनच येतं, आणि तेही मुलीच्या काळजीपोटीच.

जातीवरून लोकांसमोर अपमान झाला आणि तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि तक्रार पोलिसांत होते. हात उचलला तर थेट पोलीस ठाणं, त्याआधी सरकारी दवाखान्यात तपासणी.

सातवी पायरी: झोप, जेवण

हे सगळं चालू असताना महिने जातात. साहेबाचा मेसेज रात्री बघायचा नाही, असं ठरवून फोन स्वयंपाकघरात ठेवा. घरात एका माणसाला सगळं माहीत असू द्या. दारू वाढली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा. तो दिवसरात्र चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तक्रार नंतरही करता येईल, आधी हा फोन.

आठवी पायरी: सोडायचं ठरलं तर

सगळं करूनही पुष्कळदा नोकरी सोडावी लागते. त्यात हार नाही. पण महिना नीट निवडा. समुद्रकिनाऱ्यावरची हॉटेलं दिवाळीआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात माणसं शोधतात आणि पावसाळ्यात कमी करतात. मासळीच्या कारखान्यांत १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत काम मंदावतं. शाळांच्या जागा उन्हाळ्यात भरतात. मे अखेरीला रागाने सोडलं तर समोर चार कोरडे महिने असतात, आणि मग मुंबईची गाडी पकडण्यावाचून इलाज उरत नाही. मुंबईला जायचंच असेल तर जा, पण रागात नको. हातात तीन महिन्यांचा घरखर्च साठल्यावर राजीनामा लिहा.

राजीनाम्यात भांडण नको. "वैयक्तिक कारणासाठी" एवढंही पुरतं. पण तुमची तक्रार चालू असेल किंवा दबावाने राजीनामा घेतला जात असेल, तर "वैयक्तिक कारण" कधीही लिहू नका. खोलीत बसवून सही करायला सांगितली तर "घरी विचारून उद्या देतो" म्हणा आणि उठा. भीतीने सही झालीच, तर त्याच दिवशी ईमेलने आणि स्पीड पोस्टने कळवा की ही सही दबावाखाली घेतली आहे. एक आठवडा उलटल्यावर हे सिद्ध करणं फार अवघड होतं.

बाँडची, म्हणजे 'इतकी वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडली तर इतके पैसे भरीन' अशा लिहून घेतलेल्या कराराची, भीती घालतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात असा बाँड वैध ठरवला आहे, म्हणून बाँड म्हणजे नुसता कागद असं समजू नका. पण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मागणी वाजवी नुकसानीइतकीच टिकते, आणि काम करायची सक्ती बाँड करू शकत नाही. मूळ मार्कशीट आणि सर्टिफिकेटं ठेवून घेतली असतील तर राजीनाम्याच्या आधी "पासपोर्टसाठी हवीत" म्हणून सोडवून आणा. राजीनाम्यानंतर ती मिळवायला एका नर्सला सात महिने लागले.

नव्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत थकीत पगार द्यायचा आहे. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा, म्हणजे केलेल्या नोकरीबद्दल सोडताना मालकाने द्यायच्या रकमेचा, अर्जही द्या. हिशेब सोपा आहे: शेवटचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर आता एका वर्षानंतरही ती मिळते.

शेवटच्या दिवशी हातात एक यादी ठेवा: ओळखपत्र, किल्ल्या, लॅपटॉप, गणवेश. परत केलेल्या प्रत्येक वस्तूसमोर घेणाऱ्याची सही घ्या. "पूर्ण हिशेब मिळाला, काही बाकी नाही" अशा कागदावर पैसे खात्यात दिसल्याशिवाय सही करू नका. चेक दिला तर चेक नंबर आणि "चेक वटण्याच्या अधीन" असं सहीखाली लिहा. अनुभवाचं पत्र त्याच दिवशी मागा, नाही मिळालं तर संध्याकाळी ईमेल करा. आणि निघताना सोबतच्या दोघांचे घरचे नंबर घ्या. सहा महिन्यांनी त्यांच्यापैकी कोणीतरी तुमच्याकडे विचारायला येईल, "तुम्ही का सोडलंत?" पुरानंतर स्लिपर घालून आलेला आमच्या स्टोअरमधला मुलगा असाच माझ्याकडे आला होता. त्याची अकरा दिवसांची रजा मला अजून पाठ होती. रजेच्या पगाराच्या अर्जातली पहिली ओळ आम्ही तिथूनच लिहायला घेतली.